लाख ठोक्यांचं एक पान

छातीत एकदम धडधड सुरू होते, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. हृदयाच्या तालाच्या विकारांमधली ही नेहमीची तक्रार, आणि तिचा छडा लावणं तितकंच अवघड. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद देतो, म्हणजे दिवसाचा ८,६४० वा भाग. नेमका त्याच दहा सेकंदांत ताल बिघडलेला सापडणं हा नशिबाचा भाग झाला. म्हणून अंगावर बाळगायचं, दिवसभर नोंद घेणारं यंत्र आलं. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टर यांनी त्याची माहिती १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दिली आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. होल्टरने न सापडण्याची अडचण बरीचशी सोडवली, पण दुसरी उभी केली. मिनिटाला सरासरी ७० ठोके धरले तर २४ तासांत १,००,८०० ठोके होतात. ही सगळी नोंद ईसीजीच्या नेहमीच्या वेगाने, सेकंदाला २५ मिलिमीटर या हिशेबाने कागदावर काढली तर कागद २ किलोमीटर १६० मीटर लांब होईल. एवढा कागद कोणीच वाचत नाही. संगणक ठोक्यांची वर्गवारी करतो, तंत्रज्ञ ती दुरुस्त करतो आणि डॉक्टरांच्या हाती निवडक पट्ट्यांची काही पानं येतात. पट्ट्या कोणत्या निवडल्या आणि कोणत्या वगळल्या, हे त्या पानांवरून कळत नाही.

ही उणीव कोणाला सगळ्यात जास्त जाणवणार, याचा विचार चांदवडसारख्या गावापासून सुरू करायला हवा. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटरवरचं हे तालुक्याचं ठिकाण. इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण हृदयाच्या तालाचाच खास अभ्यास केलेले डॉक्टर अशा गावात नसतात, ते मोठ्या शहरांत असतात. रुग्ण मात्र आधीही गावातल्या डॉक्टरकडे येतो आणि शहरात जाऊन आल्यावर फाइल काखेत मारून पुन्हा त्यांच्याकडेच येतो. गोळी चालू ठेवायची की नाही, पुन्हा शहर गाठायचं की थांबायचं, हे त्याला त्यांनाच विचारायचं असतं. अशा डॉक्टरांना त्या फाइलमधलं एक पान फार उपयोगी पडू शकतं. होल्टरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप तयार होतं, पण बहुतेकदा न पाहताच उलटलं जातं. ते म्हणजे ठिपक्यांचा आलेख, डॉक्टरांच्या भाषेत प्वांकारे प्लॉट किंवा लॉरेन्झ प्लॉट. गुंतागुंतीच्या तालाची नोंद वाचायला याच पानापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आलेख काढायची रीत शाळेतल्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे. ईसीजीत प्रत्येक ठोक्याचं एक टोकदार शिखर दिसतं, त्याला आर म्हणतात. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ म्हणजे आर-आर अंतर. ते मिलिसेकंदांत मोजतात. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर हे अंतर ८०० मिलिसेकंद भरतं. आडव्या अक्षावर एक अंतर घ्यायचं, उभ्या अक्षावर लगेच पुढचं अंतर घ्यायचं आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे ठिपका द्यायचा. मग एक ठोका पुढे सरकून तेच पुन्हा करायचं. दिवसभराचे लाखभर ठिपके अशा रीतीने एका चौकोनात मावतात. एका क्षणाची स्थिती आणि लगेच पुढच्या क्षणाची स्थिती यांचा संबंध चित्रातून पाहण्याची ही युक्ती फ्रेंच गणिती आँरी प्वांकारे आणि हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या कामातून आली, म्हणून आलेखाला ही नावं. सलग अंतरांचे ठिपके मांडून तालाचे विकार ओळखण्याची पद्धत १९९० साली जपानी डॉक्टरांनी मांडली. दोनच वर्षांनी अमेरिकेत वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. निरोगी माणसाचे ठिपके चौकोनाच्या तिरक्या कर्णरेषेवर धूमकेतूसारखे पसरतात: जलद ठोक्यांच्या बाजूला निमुळते, सावकाश ठोक्यांच्या बाजूला रुंद. आजारी हृदयांचे आलेख टॉर्पेडोसारखे अरुंद, पंख्यासारखे किंवा तुकड्यातुकड्यांचे निघाले.

या पद्धतीची खरी ताकद कळायला एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. ताल ८०० मिलिसेकंदांचा आहे आणि मधेच हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, म्हणजे निलयातून, एक आगंतुक ठोका वेळेआधी पडला, असं समजा. अंतरं होतील ८००, ८००, ५००, ११००, ८००, ८००. आगंतुक ठोका ५०० वर आला आणि त्यानंतर हृदय ११०० मिलिसेकंद थांबलं. दोन्हींची बेरीज १६००, म्हणजे बरोबर दोन अंतरांइतकी. वरच्या कप्प्यातल्या मूळ केंद्राला या आगंतुकाचा पत्ताच लागला नाही, ते आपल्या वेळेनुसार चालत राहिलं, असा त्याचा अर्थ. आता ठिपके मांडा. नेहमीचे ठिपके (८००, ८००) वर पडतील. आगंतुकामुळे तीन नवे ठिपके दिसतील: (८००, ५००) कर्णरेषेच्या खाली, (५००, ११००) वर डावीकडे आणि (११००, ८००) उजवीकडे. दिवसात असे पाच हजार ठोके पडले तर या तीन जागी तीन दाट पुंजके तयार होतील. हाच आगंतुक वरच्या कप्प्यातून, अलिंदातून, आला असता तर सहसा त्याने मूळ केंद्राचं घड्याळच पुन्हा शून्यापासून लावलं असतं. मग विराम तोकडा पडला असता, समजा ९०० चा, आणि वर डावीकडचा पुंजका खाली सरकला असता. म्हणजे ठोका वरून आला की खालून, याचा पहिला अंदाज पुंजक्याच्या जागेवरूनच बांधता येतो. प्रत्येक तिसरा ठोका आगंतुक असेल तर अंतरं ८००, ५००, ११०० अशी फिरत राहतात आणि (८००, ८००) ही जागा रिकामी पडते. कर्णरेषेवर काहीच नाही आणि भोवती तीन पुंजके, असं चित्र दिसलं की दिवसाचा बराच वेळ हा ताल चालला होता हे एका नजरेत कळतं. अहवालात ‘आगंतुक ठोके : ५,०००’ एवढंच छापलेलं असेल, तर त्या आकड्यातून हे कळायला वाव नाही.

याहून अवघड प्रकार घेऊ. काही जणांच्या निलयात एक स्वतंत्र केंद्र आपल्याच लयीत ठोके सोडत राहतं, मूळ तालाची पर्वा न करता. याला पॅरासिस्टोल म्हणतात. दहा सेकंदांच्या पट्टीत ते साध्या आगंतुक ठोक्यांपासून वेगळं काढणं जवळपास अशक्य असतं. फरक एवढाच, की साधा आगंतुक मागच्या ठोक्यानंतर ठरावीक अंतरावर येतो आणि पॅरासिस्टोलचा कधीही येतो, कधी ५०० वर, कधी ६५० वर, कधी ७५० वर. त्यामुळे (८००, ५००) हा एक ठिपका न राहता मध्यापासून सरळ खाली उतरणारी ओळ होते. त्यानंतरचा विराम नेहमी १६०० मधून ते अंतर वजा करून उरलेला असतो, म्हणून दुसरी ओळ मध्यापासून डावीकडे वर तिरकी चढते. तिसरी सरळ उजवीकडे जाते. मध्यातून निघालेले असे तीन हात दिसले की दुसरं घड्याळ चालू असल्याची शंका घ्यायला भक्कम आधार मिळतो. मॅकगिल विद्यापीठाचे लिऑन ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिलं, की शुद्ध पॅरासिस्टोलमध्ये दोन आगंतुकांमधल्या नेहमीच्या ठोक्यांची संख्या मोजली तर जास्तीत जास्त तीनच वेगवेगळे आकडे मिळतात आणि त्यांतला एकच विषम असतो. दोन घड्याळं शेजारी चालत असल्यामुळे हे अंकगणितातूनच निघतं. वरवर अस्ताव्यस्त दिसणाऱ्या धडधडीत इतका नेटका नियम दडलेला असावा, ही मला विज्ञानातली अत्यंत सुंदर गोष्ट वाटते. लांब पट्टीवर तो नियम शोधायला तासन्‌तास लागतील. ठिपक्यांमध्ये तो उघड दिसतो.

आपल्याकडे सगळ्यात मोलाचा उपयोग मात्र एट्रियल फिब्रिलेशनमध्ये आहे. या विकारात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांपर्यंत संदेश कोणत्याही क्रमाने पोहोचतात. एका अंतरावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ठिपके कर्णरेषा सोडून पंख्यासारखे उलगडतात. पंख्याचं टोक खाली डावीकडे असतं आणि त्याच्या खालच्या कडेपलीकडे ठिपका पडत नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली एव्ही गाठ एक संदेश सोडल्यावर काही काळ पुढचा सोडू शकत नाही, ती मर्यादा म्हणजे ही कड. जपानमध्ये हायानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली याच कडेवरून दिवसा आणि रात्री या गाठीचे गुण कसे बदलतात याचा अभ्यास केला. त्याच वर्षी ओका आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांमध्ये एकात एक असे दोन पंखे दिसतात हे नोंदवलं आणि गाठीत संदेशाच्या दोन वाटा असल्याचं ते लक्षण असावं, असं सुचवलं. एरवी असं काही जाणून घ्यायचं तर हृदयात तारा घालून तपासणी करावी लागते. इथे निदान शंका तरी अंगावरच्या यंत्रातून घेता येते.

भारतात या विकाराचा चेहराही वेगळा आहे. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः म्हातारपणाचा आजार. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदणीत २०११-१२ मध्ये २४ केंद्रांतून १,५३७ रुग्ण घेतले गेले. त्यांचं सरासरी वय ५५ च्या आसपास निघालं आणि जवळपास निम्म्यांना संधिवाताच्या तापामुळे झडपा बिघडल्याचा आजार होता. म्हणजे ऐन कर्तेपणातली माणसं, डोक्यावर पक्षाघाताचा धोका, आणि हातात बहुतेकदा रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ठोक्यांचा वेग आवरणारी डिगॉक्सिनसारखी गोळी. अशा रुग्णाचे ठोके एके दिवशी नियमित लागले तर घरच्यांना हायसं वाटतं, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांनाही वाटू शकतं. पण जुन्या फिब्रिलेशनमध्ये ठोके अचानक एकसारखे होणं हे डिगॉक्सिन जास्त झाल्याचंही लक्षण असू शकतं: वरचा गोंधळ तसाच असतो, खाली येणारी वाट बंद पडते आणि खालचं एखादं केंद्र आपलं आपण चालू लागतं. आलेखात हे कसं दिसेल? दिवसभर उलगडलेला पंखा काही तासांपुरता मिटून कर्णरेषेवर एक घट्ट ठिपका होईल. संगणकाच्या पडद्यावर ही जागा दाबून त्या वेळची पट्टी उघडली की खरं काय ते कळेल. एकूण सरासरी वेग कदाचित छान ७० दिसत असेल. सरासरीकडे पाहून कोणी ती पट्टी उघडणारच नाही.

ही पद्धत कितपत भरवशाची, याचा मोठा पुरावा छातीच्या त्वचेखाली बसवायच्या छोट्या नोंदणीयंत्रातून मिळाला. शंतनू सरकार आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत अंतरांऐवजी अंतरांमधला बदल ठिपक्यांनी मांडतात आणि दोन-दोन मिनिटांचे तुकडे तपासतात. ही रीत रिव्हील एक्सटी या यंत्रात वापरली गेली. २०१० च्या एक्सपेक्ट चाचणीत हे यंत्र होल्टरशी पडताळून पाहिलं. फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांपैकी ९६.१ टक्के त्याने ओळखले. ज्यांना ते नव्हतं त्यांच्यापैकी ८५.४ टक्क्यांना बरोबर मोकळं सोडलं. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. साधारण सात जणांमागे एकाला नसलेला विकार चिकटला, आणि वारंवार येणारे आगंतुक ठोके हे अशा चुकीचं एक ओळखीचं कारण. यंत्र फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगतं. तेच ठिपके डोळ्यांनी पाहिले तर पंखा आणि पुंजके यांतला फरक लपत नाही. म्हणून यंत्राचा निकाल मिळाला तरी चित्र हवंच.

या सगळ्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की ठिपक्यात ठोक्याचा आकारच नसतो. ईसीजीतल्या लाटांची उंची, रुंदी, वरच्या कप्प्याची छोटी लाट, यांतलं काहीही इथे उरत नाही. उरतो तो फक्त वेळ. हे पूर्ण खरं आहे आणि त्यातून येणारा धोकाही खरा आहे. अलिंदांचा फडफडाट, म्हणजे फ्लटर, दोनास एक या ठरावीक प्रमाणात खाली उतरत असेल तर मिनिटाला सुमारे १५० ठोके अगदी नियमित पडतात आणि आलेखात (४००, ४००) जवळ एक निरागस ठिपका दिसतो. निलयातून येणारा जीवघेणा जलद ताल नियमित असेल तर तोही तसाच दिसेल. पूर्ण हार्ट ब्लॉकही कर्णरेषेवर शांतपणे बसलेला असतो. तेव्हा ठिपक्यांवरून निदान करणं चूकच आहे, आणि छातीत दुखत असलेल्या किंवा चक्कर येऊन पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर आधी बारा लीडचा ईसीजी, बाकी सगळं नंतर. पण हा आक्षेप आलेखाला ईसीजीच्या जागी बसवणाऱ्याला लागू पडतो. कुठे पाहायचं हे ठिपके सांगतात आणि काय आहे हे पट्टी सांगते. दोन किलोमीटरहून लांब कागदात पहिला प्रश्न सुटल्याशिवाय दुसरा विचारताच येत नाही. शिवाय वर सांगितलेला फ्लटर जरा प्रमाण बदलत चालला की ठिपके ४००, ६००, ८०० अशा पटींवर जाळीसारखे मांडले जातात, आणि ही जाळी पट्टीवर सहज नजरेतून सुटते.

दुसरा आक्षेप गणितातला. मेलबर्नच्या ब्रेनन, पलानीस्वामी आणि कामेन यांनी २००१ साली दाखवलं, की या आलेखावरून काढले जाणारे नेहमीचे दोन आकडे, पुंजक्याची रुंदी आणि लांबी, ठोक्यांमधल्या चढउताराच्या जुन्या मोजमापांपेक्षा काहीच नवं सांगत नाहीत. मला हे काम अत्यंत मोलाचं वाटतं, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच जातो. लाख ठिपक्यांवर एक लंबगोल बसवून त्याचे दोन आकडे छापले की तीन हात, दुहेरी पंखा, जाळी, सगळं पुसलं जातं. पॅरासिस्टोल आणि फिब्रिलेशन यांचे लंबगोल एकसारखे निघू शकतात. आकडे काढायचे असतील तर ते निरोगी तालासाठी ठीक. बिघडलेल्या तालाचं चित्रच पाहायला हवं. तिसरी शंका नोंदीतल्या दोषांची. इलेक्ट्रोड सैल झाला, माणूस शेतात वाकून काम करत राहिला, तर यंत्र ठोका चुकवतं किंवा नसलेला मोजतं आणि खोटे ठिपके पडतात. पण चुकवलेल्या ठोक्याचं अंतर जवळपास दुप्पट येतं, त्यामुळे हे ठिपके ठरावीक जागी उठून दिसतात. दोष ओळखायलाही हेच पान कामी येतं.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी कुवत आहे. आयआयटी मुंबईत या शतकाच्या पहिल्या दशकात गळ्यात घालायचं ईसीजी यंत्र, सिलिकॉन लॉकेट, तयार झालं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं, मोबाइलवरून नोंद पाठवणारं टेली-ईसीजी यंत्र विकसित केलं. नाडीतल्या चढउताराचं विश्लेषण करण्याचं कामही तिथे जी. डी. जिंदल आणि सहकाऱ्यांनी केलं आहे. शेजारच्या गुजरातेत, आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत, स्मार्टफोनच्या साहाय्याने घरोघर फिब्रिलेशन शोधण्याचा प्रयोग झाला. नोंद घेणं स्वस्त आणि सोपं होत चाललं आहे. आता गरज आहे ती नोंद वाचणाऱ्यांची. चांदवडच्या डॉक्टरांनी शहरातल्या केंद्राकडून फक्त तीन गोष्टी मागून घ्याव्यात. आलेख दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा छापावा, कारण लाख ठिपके एकावर एक पडले की पाच मिनिटांचा विकार त्यांखाली बुजतो. प्रत्येक पुंजक्याची एक पट्टी सोबत जोडावी. आणि कच्ची अंतरं फाइलमध्ये द्यावीत, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती पुन्हा मांडता येतील.

शिकायला रुग्णाची वाट पाहण्याचीही गरज नाही. बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ दरम्यान घेतलेल्या नोंदींतून निवडलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी एमआयटी-बीआयएच संग्रह म्हणून इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि त्यांतल्या प्रत्येक ठोक्यावर हृदयतज्ज्ञांनी खूण केलेली आहे. चांदवडमध्ये नेमिनाथ जैन संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या प्रकल्पासाठी या ४८ नोंदींचे आलेख काढावेत आणि गावातल्या डॉक्टरांसोबत बसून ते वाचावेत. सुरुवात ११९ क्रमांकाच्या नोंदीपासून करावी. तिच्यात १,९८७ ठोके आहेत, त्यांतले ४४४ निलयातले आगंतुक, सगळे एकाच घडणीचे. काही मिनिटं ते एक सोडून एक येतात, काही मिनिटं दर तिसरा येतो आणि उरलेला वेळ मूळ ताल वरचढ असतो. मिनिटामिनिटाचे ठिपके वेगळ्या रंगांत काढले तर कर्णरेषेवरचा पुंजका कधी भरतो आणि कधी रिकामा होतो हे पडद्यावर दिसेल. मग त्याच मिनिटाची पट्टी उघडून ठोके एकेक करून जुळवून पाहता येतील.